नाकात जर्मन, कोपऱ्यात इंग्रज

श्वाबियातली माणसं चिक्कू, असं उरलेला जर्मनी म्हणतो. ती स्वतःला काटकसरी म्हणवतात. गोटलोब हेफेले त्यांतलाच एक. विमानतळावरच्या शेडमध्ये तो मुख्य मेकॅनिक. त्या दुपारी त्याला साधंच काम होतं, नवं इंजिन एकदा फिरवून बघायचं.

इंजिन जर्मन, विमान मात्र इंग्रजांचं. लढाईत गोळ्या खाऊन ते बीटाच्या शेतात उतरलं होतं. विमान जवळपास धड, वैमानिक मात्र बसल्या जागी गेलेला. वरच्या साहेबांच्या डोक्यात आलं, याचं इंजिन काढा, आपलं बसवा, बघू कसं उडतंय. झालं! एकाच्या धडावर दुसऱ्याचं मुंडकं बसवायचा हा उपद्व्याप गोटलोबच्या गळ्यात पडला. उद्या सकाळी विमान उडालं नाही तर त्याची रवानगी रशियाच्या आघाडीवर, हे कॅप्टन ब्रेडोने हसत हसत सांगितलं होतं. प्रशियाचा माणूस तो. हसला की समजावं, खरं बोलतोय.

बाहेर धुकं दाटलं होतं. बॉम्बवाल्यांना उजेड दिसू नये म्हणून खिडक्यांवर काळा कागद चिकटवलेला. आत एकच दिवा आणि थंड तेलाचा वास. काढलेलं इंग्रजी इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलं होतं. गोटलोबने कॉकपिटमध्ये बसून बटण दाबलं. नाकातलं जर्मन इंजिन ढिम्म.

आणि कोपऱ्यात... कोणीतरी हलकेच खाकरलं.

"सर्दी झालीय का रे?" दारातून आवाज आला. त्याची बायको रोझीना कँटीनमधून मसुराच्या सूपचं भांडं घेऊन आली होती.

"मी नाही खाकरलो."

"मग?"

त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. या वेळी ताडपत्री छातीसारखी वर झाली... खाली झाली. त्या इंजिनात पेट्रोलचा थेंब नव्हता. गोटलोबने स्वतः ते निथळून बाटलीत भरून ठेवलं होतं. पाइपच्या तंबाखूचा वास आला. शेडमध्ये पाइप ओढणारं कुणीच नव्हतं.

"रोझीना... पळायचं का?"

"कुठे? रशियात?" तिने भांडं त्या ताडपत्रीवरच टेकवलं. बाई भारी धीराची. "एक सांग. तो वैमानिक पोरगा गेला, तेव्हा खिडकी कोणी उघडली?"

त्यांच्याकडे माणूस गेला की आधी खिडकी उघडतात, आत्म्याला वाट मिळावी म्हणून. रडणं नंतर. आणि याने काय केलं होतं? प्रेत बाहेर काढून कॉकपिटची काच घट्ट लावून घेतली होती.

"पाऊस होता गं. सीटचं चामडं भिजलं असतं."

"शाबास! आणि पुढे काच उघडलीस, ती या बंद शेडच्या डब्यात आणून. तुझी आई गेली तेव्हाही हेच! कोळसा वाया जातो म्हणून खिडकी बोटभर उघडलीस. म्हातारी आठवडाभर जिन्यात फिरत होती. दिवा मालव आणि फाड तो कागद!"

दिवा मालवला. कागद टराटरा फाटला, खिडकी करकरली, बोचरी हवा आत आली. अंधुक उजेडात कोणीतरी गोटलोबच्या बुटावर पाय दिला... आणि लगेच हळू आवाजात काहीतरी म्हणालं. गोटलोबला इंग्रजी येत नव्हतं. पण माफी कळतेच.

सकाळी पहिल्याच बटणाला इंजिन धडधडलं. विमान असं उडालं की कॅप्टनने टोपी काढली. फक्त वरून येणारा आवाज जर्मन इंजिनाचा नव्हता. बॉम्ब पडताना तळघरात लपून गोटलोबने तो पुष्कळ रात्री ऐकला होता. पण त्याने तोंड उघडलं नाही. सुटलो रे देवा, म्हणत त्याने डोळे पुसले.

"वा, हेफेले!" विमान उतरल्यावर कॅप्टन म्हणाला. "रशियाचं रद्द. आता हे रोज उडवायचं. आणि ते कोपऱ्यातलं भंगार भट्टीत पाठवून द्या."

गोटलोब शेडमध्ये शिरला. रोझीना कोपऱ्यात थिजून उभी होती.

"कालचं सूप मी इथेच विसरले होते..."

"मग? गारठलं असेल."

"उकळतंय."

बाहेर विमानाचा पंखा केव्हाच थांबला होता. ताडपत्रीवरच्या भांड्याचं झाकण मात्र अजून खडखडत होतं. रोझीनाने हात पुढे केला, मागे घेतला. "राहू दे," ती कुजबुजली, "कोळसा वाचतोय."

गोटलोबने भट्टीचा विचार केला, मग रशियाचा. हे भट्टीत गेलं तर उद्या विमान उडवणार कोण? उघड्या खिडकीपाशी जाऊन त्याने ती गच्च लावून घेतली. या वेळी मुद्दाम.

"राहा बाबा इथेच," तो म्हणाला. "कॅप्टनचं मी बघतो."

त्याच्या अगदी मागे कोणीतरी हलकेच खाकरलं.