इंजेक्शननंतर अर्धा तास

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा एक डोळा पुरता मिटला होता, दुसरा मिटायच्या बेतात होता, आणि ओठ असे सुजले होते की आरशानंही ओळख दिली नसती. प्रेमात पडण्यासारखा चेहरा नव्हता तो, अगदी खरं सांगते.

मी तर तिथे असायलाच नको होते. माझी खोली हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, ॲलर्जी विभागात. पण त्या सकाळी तातडीच्या विभागातल्या मैत्रिणीला उशीर होणार होता, "जरा वेळ सांभाळ गं" म्हणाली, म्हणून मी खाली उतरले होते. तेवढ्यात एक टेम्पो दारात येऊन थांबला आणि दोघांनी त्याला उचलून आत आणलं.

"मधमाशी चावली! अहो, एकच चावली!" त्याचा दादा ओरडत होता. जणू एकच म्हटल्यावर आम्ही काही सूट देणार होतो.

श्वास शिट्टीसारखा वाजत होता. नाडी हाताला लागत नव्हती. ड्यूटीवरचे डॉक्टर "ॲड्रेनलिन" म्हणेपर्यंत मी सिरिंज भरलीही होती. पॅन्टवरूनच मांडीत सुई टोचली. त्यानं चाचपडत माझं मनगट धरलं. हळूहळू रंग परत आला, शिट्टी थांबली... तरी त्यानं मनगट सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही. किती दिवसांत कुणी माझा हात धरला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

आई गेल्यापासून मी एकटीच राहते. दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. घरी आले की आधी रेडिओ लावायचा, मग चपला काढायच्या. ऐकायला नाही हं — घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. ताई दूर असते, रविवारी फोन करते. "जेवलीस का?" "जेवले." "काय केलं होतंस?" "अगं, एकटीसाठी काय करायचं..." मला ओट्याशी उभ्या उभ्याच जेवायची सवय लागली होती. ताट घेऊन बसलं की समोरची खुर्ची दिसते.

कामाचंही तसंच. इंजेक्शन द्यायचं आणि पेशंटला अर्धा तास बसवून ठेवायचं. काही झालंच, तर तो डोळ्यांसमोर असावा म्हणून. माणसं येत, बाही वर करत, खिडकीजवळच्या खुर्च्यांवर फोन बघत बसत. वेळ झाली की उठत. "येतो, सिस्टर." माझ्या आयुष्यात माणसं अर्धा तासच येत होती.

तर अशा त्या खोलीत एक दिवस एक उंच, सावळा, जरा वाकून चालणारा माणूस आला. दोन्ही डोळे उघडे आणि चांगले टपोरे. दारातच थबकला.

"तुम्हीच ना?"

"माफ करा... मी ओळखलं नाही."

"मी ओळखलं," तो म्हणाला. "मनगटावरून."

मी घाईघाईनं बाही खाली ओढली. उगाचच.

आमच्या डॉक्टर मॅडमनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की एक तर माशा सोड, नाहीतर हा उपचार घे. त्याच्या गावाबाहेर डोंगरउतारावर मधाच्या पेट्या होत्या. दादा म्हणत होता, विकून टाक, जिवापेक्षा मध गोड नाही.

"दादाचं चुकत नाही," तो बाही दुमडत म्हणाला. "पण माशा सोडून मी करू काय? मला दुसरं काही येत नाही. बोलायलासुद्धा त्यांच्याशीच येतं."

"आत्ता बोलताय की."

तो चमकला. मग हसला. "खरंच की!"

"हे मधमाशीच्याच विषाचं इंजेक्शन आहे," मी बाटली दाखवली. "अगदी थेंबाच्याही अंशाचं. दर आठवड्याला जरासं वाढवत न्यायचं."

"म्हणजे ज्यानं मेलो असतो, तेच तुम्ही मला टोचणार?"

"तेच."

"माझ्यावर काही राग आहे का तुमचा?"

असे आमचे आठवडे सुरू झाले. तो फोन बघायचा नाही. भिंतीवरचं मोठं चित्र बघायचा; त्यात शरीरातल्या पांढऱ्या पेशी रंगवलेल्या होत्या. आणि मग प्रश्न विचारायचा. इतक्या वर्षांत त्या चित्राबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं.

"हा जाडजूड काय करतोय?"

"तो जंतूला गिळतो. आणि गिळलेल्याचा एक तुकडा आपल्या अंगावर लावून मिरवतो."

"मिरवतो कशाला?"

"बाकीच्यांना दाखवायला, की बाबांनो, असा चेहरा दिसला तर सोडू नका. मग ज्या पेशीला तो तुकडा बरोबर जुळतो, ती जागी होते. तिच्यासारख्या हजारो तयार होतात. काही थेट लढतात, काही प्रतिपिंडं बनवून सोडतात. ती जंतूला जाऊन चिकटतात, म्हणजे त्याला लपायला जागाच उरत नाही. आणि काही पेशी मागे राहतात, नुसती आठवण ठेवायला. वर्षानुवर्षं."

"आणि चुकून आपल्याच माणसाला धरलं तर?"

"म्हणून त्यांना आधी शाळेत घालतात. छातीत एक ग्रंथी असते, तिथे. जी पेशी आपल्याच शरीरावर उठते, तिला तिथल्या तिथे बाद करतात."

"मग माझ्या पेशी कॉपी करून पास झाल्या वाटतं."

मला इतकं हसू आलं की पलीकडच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"तुमच्या पेशी हुशार आहेत," मी म्हणाले. "जरा जास्तच घाबरट आहेत, एवढंच. माशीचं विष दिसलं की शत्रूची फौज आली असं समजून घरातलं सगळं सामान फेकतात. विष राहतं बाजूला, त्या फेकाफेकीनंच माणूस मरायला टेकतो."

"पण लहानपणापासून चावताहेत माशा. कधी काही झालं नाही."

"पहिल्या भेटीत काही होत नसतं. तेव्हा नुसती ओळख होते," मी ट्रे आवरत म्हणाले. "जे काय व्हायचं ते नंतरच्या भेटीत..."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला. कापसाचा बोळा हातातून पडला. तो खाली वाकून उचलू लागला, मीही वाकले... आणि डोकी आपटली.

"यालाही इंजेक्शन आहे का काही?" तो कपाळ चोळत म्हणाला.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. सगळं हॉस्पिटल मला सिस्टर म्हणतं — ऐंशीचे आजोबाही, पाचवीतली पोरंही. हा मात्र "अहो", "ऐका ना", "जरा इकडे"... शेवटी एकदा विचारलंच.

"बाकी सगळे सिस्टर म्हणतात. तुम्हालाच काय अडचण आहे?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बारीक पाऊस पडत होता, खालच्या गाड्यांचे टप चमकत होते.

"एकदा म्हटलं ना..." तो हळूच म्हणाला, "की मग परत घेता येत नाही."

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी रेडिओ लावायला विसरले.

पण उपचार म्हणजे उपचार. डोस वाढत गेला, त्याला तो सोसत गेला, आणि एक दिवस मॅडम म्हणाल्या, आता परीक्षा घेऊ. खरी माशी, खरा डंख — इथेच, आपल्या देखत.

माशी त्यानंच आणली, भोकं पाडलेल्या झाकणाच्या बाटलीतून. मॅडमनी चिमट्यात धरून ती त्याच्या हातावर टेकवली. मी शेजारी उभी होते, ॲड्रेनलिनची भरलेली सिरिंज हातात.

"माफ कर गं," तो पुटपुटला. मला वाटलं, मला म्हणतोय. तो माशीला म्हणत होता. डंख मारला की तिची नांगी कातडीत अडकून तुटते आणि ती मरते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते दुखल्यामुळे नव्हतं.

मग आम्ही थांबलो. मॅडम मध्येच येऊन रक्तदाब बघून जात होत्या. मी त्याच्या ओठांकडे बघत होते — सुजताहेत का म्हणून. निदान सुरुवातीला तरी त्याचसाठी. श्वास मोजत होते, त्याचा आणि मग नकळत माझाही. हातावर नाण्याएवढा लाल फुगवटा आला आणि तिथेच थांबला. बाकी काही नाही. काहीच नाही!

"पास," मॅडम म्हणाल्या. "आता महिन्यातून एकदा डोस. तुमच्या गावाजवळच्या दवाखान्यात सोय होते, मी चिठ्ठी देते." आणि त्या गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"बरं झालं," मी म्हणाले. "एवढा प्रवास नको आता. सोयीचं पडेल."

"हो... सोयीचं."

"पेट्यांवरही जाता येईल. जाळीचा पोशाख घालून आणि औषध जवळ ठेवून."

"तुम्ही याल कधी? पेट्या बघायला?"

काय सोपं होतं "हो" म्हणणं! पण मी ट्रे आवरायला घेतला. मी म्हणाले, "बघू."

आता, बघू म्हणजे नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. त्यानं मान हलवली, बाही खाली केली. दारात एकदा वळला, आणि गेला.

पुढच्या आठवड्यात त्याच्या खुर्चीत एक बाई बसायला लागल्या. मी म्हणाले, "तिथे नको, ती हलते." खुर्ची ठणठणीत होती. रात्री ताटलीतला भात निवून गेला. रविवारी ताईचा फोन आला. "जेवलीस का?" विचारलं तिनं, आणि मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"बघू म्हटलं."

"धन्य आहेस! अगं, तो काय रोगजंतू आहे का, दिसला की हाकलून द्यायला?"

"ताई, मला भीती वाटते गं. आईसारखं... कुणाची सवय व्हायची आणि मग..."

ताई एकदम मऊ आवाजात म्हणाली, "सवय नसल्याचीही सवय होते, बाळ. ती जास्त वाईट. ऊठ आणि जा."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी केसपेपरवरचा पत्ता घेऊन त्याच्या गावी गेले. बस शेवटच्या थांब्याला रिकामी झाली. चढावरच्या पहिल्याच घरासमोर एक बाई कपडे वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी चिमटे तोंडातून काढले.

"तुम्ही हॉस्पिटलातल्या ना?"

"कसं ओळखलंत?"

"आमच्या भावजींनी वर्णन करून करून कान किटवलेत माझे! हल्ली जेवायला बसतात, पण पानात लक्ष नसतं. थांबा, तशा जाऊ नका वर." त्यांनी जाळीची टोपी आणून स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर चढवली, मानेपाशी नाडी बांधली. कुणी असं काही बांधून देऊन फार दिवस झाले होते.

वर निळ्या, पांढऱ्या पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. हवेत धुराचा आणि मेणाचा वास. तो पाठमोरा होता, हातात चौकट, तिच्यावर माशांची दाट, हलणारी साय. माझी चाहूल लागून वळला... आणि तसाच उभा राहिला.

"हलू नका," तो म्हणाला. "तुमच्या खांद्यावर एक बसलीय."

"चावेल?"

"तुम्ही घाबरलात तर."

"घाबरलेय."

"माशीला?"

"...नाही."

माशी उडून गेली. त्यानं चौकट अलगद पेटीत ठेवली, झाकण लावलं. दोघांच्या तोंडावर जाळ्या; त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. म्हणूनच बहुतेक मला बोलता आलं.

"मला तुम्ही आवडता. तिथे सांगता आलं नाही. पण मला माणसांची सवय राहिलेली नाही. घरात कुणी आलं तर मी चिडेन. गप्प बसेन. दार लावून घेईन कदाचित."

"मग मी एकदम नाही येणार," तो म्हणाला. "आधी अगदी थोडं. आठवड्यातून एकदा, एक कप चहापुरतं. सोसलं, तर पुढच्या खेपेला जरासं जास्त."

"आणि नाही सोसलं तर?"

"तर मागच्या डोसवर परत यायचं. तुम्हीच तर शिकवलंत." मग आवाज एकदम खाली आला. "मलाही सवय नाहीये. एकट्यानंच बोलतो मी दिवसभर इथे. माशा उत्तर देत नाहीत हो..."

मी हात पुढे केला. त्यानं जाड हातमोजा दातांनी ओढून काढला आणि माझं मनगट धरलं. या वेळी अगदी हलकं... मी सोडवून घेईन की काय, अशा धास्तीनं.

संध्याकाळी तो बसपर्यंत सोडायला आला. पुन्हा बारीक पाऊस सुरू झाला होता, त्याच्या केसांना अजून धुराचा वास होता. बस आली. मी चढले, खिडकीजवळ बसले, हात हलवायला वळले — तर खाली कुणीच नाही. तो बसच्या मधल्या वाटेत उभा होता, दांडी धरून.

"अहो, कुठे निघालात?"

"तुम्हाला सोडायला."

"अहो, ही बस आज परत फिरत नाही!"

"स्टँडमागे मावसभाऊ राहतो. झोपेन त्याच्याकडे. एवढा रस्ता एकट्या कशाला..."

बस हलली, तो धडपडला, मी बाही पकडून त्याला खाली ओढलं. "अरे, बस की आता!"

बोलून गेले आणि जीभ चावली. अहोचा अरे कधी झाला, माझं मलाच कळलं नाही. तो शेजारी बसला, आणि खिडकीच्या काचेत मला त्याचं हसू दिसलं.

कंडक्टर येऊन उभा राहिला. यानं खिसे चाचपले. पाकीट घरीच राहिलं होतं.

"किती?" कंडक्टरनं विचारलं.

मी पर्स उघडली. एवढासा शब्द, पण किती दिवसांत तो माझ्या तोंडी आला नव्हता.

"दोन," मी म्हणाले. "दोन द्या."