एक्केचाळिसावा तुकडा

दुपारी तीन वाजता जुन्या डिस्क आणि टेप यंत्रात घालून चुरडल्या जाणार होत्या. त्याआधी धाकट्या बहिणीची चित्रफीत काढून घ्यावी, एवढ्यासाठीच ती सर्व्हरच्या खोलीत आली होती.

मागाल तेव्हा चित्रपट पुरवणाऱ्या या सर्व्हरची मांडणी तिचीच. सतत पाहिलं जाणारं वेगवान डिस्कवर, विस्मरणात गेलेलं संथ टेपवर. आणि प्रेक्षकाने मागण्याआधीच पुढचा एका सेकंदाचा तुकडा वाचून तयार. चाचणीसाठी तिने घरचीच चाळीस सेकंदांची फीत टाकली होती: लांबलचक बोळातून धाकटी पाठमोरी चालत जाते. पुढे अपघातात धाकटी गेली, मूळ फीत असलेला फोनही त्यातच गेला. तिचा चेहरा शेवटी घरच्यांना दाखवलाच नाही. उरली ती ही एक प्रत.

फीत टेपवर नव्हती. सर्वांत वेगवान डिस्कवर होती.

“कोणीतरी रोज बघतंय वाटतं,” डिस्क बदलणारे काका हसले. “ताई, तुमचा पिक्चर हिट झाला की!”

तिने नोंदी उघडल्या. मागणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं सर्व्हरचंच. फीत कुठे संपते हे तपासण्याची अट अलीकडे एका चाचणीपुरती तिनेच काढली होती. परत घालायची राहून गेली. सर्व्हर रोज एक तुकडा पुढे वाचत सुटला होता. एक्केचाळीस, बेचाळीस... डिस्कवर शेजारी साठवलेल्या चित्रपटाचे तुकडे असणार, असं स्वतःला बजावत तिने फीत लावली.

एक्केचाळिसाव्या सेकंदाला धाकटी थांबली. मग मान वळू लागली, अतिशय सावकाश. एकावन्नाव्याला कानाची पाळी आणि गालाची कड दिसली. बावन्नावा तुकडा वाचून तयार होता.

पंख्यांची एकसुरी घरघर, तापलेल्या धुळीचा वास. तिचं बोट कळीवरच थिजलं.

“ताई, पावणेतीन झाले... काढू ना?”

“थांबा... चाळीसच घेते.”

“आणि पुढचं?”

“पुढचं... तिचं नाहीये, काका.”

तिने चाळीसच तुकडे उतरवले, दोनदा मोजले. काकांनी डिस्क ओढून काढल्या. हिरवे दिवे एकेक करून मालवले. पलीकडच्या खोलीत धातू चिरडल्याचा कर्कश आवाज झाला आणि थांबला. मगच तिने आपल्या लॅपटॉपवर फीत उघडली.

बोळ तोच होता. धाकटी नव्हती. चाळीसही सेकंद बोळ रिकामाच.

पावलांचा आवाज मात्र स्पष्ट येत होता... आणि तो लांब जात नव्हता.