सपाट जागेवरचा चढ

पाणी साचतं अशी तक्रार आली होती. काम एवढंच.

महाळुंग्याच्या पुढं, कंपन्यांच्या मागच्या अंगाला एक नवं गोदाम उभं राहिलं होतं. गोदामामागं मोठं मोकळं आवार. मुरूम टाकून, वरून रोलर फिरवून ते टेबलासारखं सपाट केलेलं. तरी पाऊस झाला की पाणी गटाराकडं जायचं सोडून गोदामात शिरायचं आणि खोकी भिजायची. मालक वैतागला होता. त्यानं मोशीतल्या दिपालीच्या ऑफिसला फोन केला. पावसाच्या पाण्याला वाट काढून द्यायची, गटारांचे उतार ठरवायचे, हे दिपालीचं रोजचं काम.

कुठंही जायच्या आधी ती ऑफिसात बसून एक नकाशा बघायची. इंटरनेटवरचा, जमिनीचा उंचसखलपणा रंगांनी दाखवणारा. हिरवं ते सखल, पिवळं ते मध्यम, तपकिरी ते उंच. कुठंही बोट टेकवलं की तिथली उंची आकड्यात दिसायची. एका ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंत रेघ ओढली की खाली त्या रेघेचा छेद उमटायचा. सुरीनं कलिंगड कापावं तशी जमीन आतून दिसायची, कुठं चढ, कुठं उतार.

गोदामाचं आवार तिनं शोधलं. भोवती सगळं हिरवं होतं, सहाशे चाळीस मीटरच्या आसपास. आणि आवाराच्या बरोब्बर मधोमध तपकिरी गोळा. तिनं बोट टेकवलं. सहाशे सत्तर.

"अनिस, इथं टेकडी आहे का रे?"

अनिस तिच्यासोबत मोजणीला जाणारा. चाकणचाच. मागच्या हिवाळ्यात त्याचं लग्न झालं होतं आणि दुपारी साबियाचा फोन आला की तो अजूनही उठून बाहेर जायचा. त्यानं स्क्रीनवर नजर टाकली.

"होती मॅडम. लहानपणी बघितलीय. मुरमासाठी खणून खणून संपवली. नकाशा जुन्या मोजणीवरचा असणार."

दिपालीला ते पटलं. असं पुष्कळ ठिकाणी व्हायचं. जमीन बदलते, नकाशा मागं राहतो.

दोघं दुपारी निघाले. श्रावण सरत आला होता. पाऊस सकाळीच थांबला होता, पण आभाळ उतरून कंपन्यांच्या पत्र्यांवर टेकलं होतं. फाटकाशी बबनराव नावाचे वॉचमन होते, मूळचे इथलेच. त्यांनी गाडी आत घेतली आणि मागच्या आवाराचं दार उघडून दिलं.

दिपाली उंबऱ्यावरच थांबली.

आवारात पाणी साचलं होतं, पण तळ्यासारखं नाही. त्याचं कडं झालं होतं. एक मोठं गोल कडं, आणि आतली जमीन कोरडी. जणू मध्ये काहीतरी ठेवलंय आणि पाणी त्याला वळसा घालून वाहतंय.

"असंच साचतं, दर टायमाला," बबनराव म्हणाले. "ताई, मोजायचं ते कडंकडंनं मोजा. मधी कशाला जाताय?"

"का हो? मधे काय आहे?"

"काय न्हाई. तेच तर." ते जरा घुटमळले. "हितं टेकडी व्हती. वर एक म्हातारा शेरडं घेऊन बसायचा. डोळ्यानं अधू. गावात कंदी फारसा यायचा न्हाई. मग मशिनी आल्या, टेकडी गेली. म्हातारा कुठं गेला, कुणी इचारलं न्हाई."

एवढं बोलून ते फाटकाकडं गेले.

दिपालीनं तिपाई लावली, वर दुर्बीण बसवली. ही दुर्बीण अगदी आडव्या रेषेत बघते, वर नाही, खाली नाही. समोरच्यानं आकडे रंगवलेली उंच पट्टी उभी धरायची आणि दुर्बिणीतून आकडा वाचायचा. जमीन सपाट असेल तर आकडा तोच येतो. जमीन चढत गेली तर कमी होत जातो.

अनिस पट्टी खांद्यावर टाकून निघाला. पहिल्या ठिकाणी दीड मीटर. पुढं पुन्हा दीड मीटर. त्यानं पाण्याचं कडं ओलांडलं, बूट झटकले आणि आतल्या कोरड्या जमिनीवर पट्टी टेकवली.

एक मीटर.

दिपालीनं डोळा चोळला. पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर होता, तिपाई घट्ट होती. तिनं हातानं खूण केली, अजून पुढं. अनिस चार पावलं गेला.

अर्धा.

अजून पुढं गेला. या वेळी दुर्बिणीत पट्टी नव्हतीच. अनिसचे बूट दिसत होते. डोळ्याच्या रेषेत, चिखल लागलेले दोन बूट. दिपालीनं मान वर केली. समोर अनिस सपाट मुरमावर उभा होता, अगदी तिच्याच पातळीत, पट्टी धरून तिच्याकडं बघत. तिनं पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

बूटही गेले होते. दुर्बिणीत गवत होतं. गुडघाभर वाळकं गवत, त्यातून वर चढत गेलेली शेरडांची पायवाट, आणि ते गवत वाऱ्यानं हलत होतं.

आवारात गवताची काडी नव्हती. वारा तर सकाळपासून नव्हता.

तिनं फोन लावला. हाक ऐकू गेली असती इतक्या अंतरावर तो होता, पण दुर्बिणीत तो कुठंच नव्हता.

"अनिस, परत ये."

फोनमध्ये आधी नुसता वारा ऐकू आला. उंचावर कानात घोंगावतो तसा. मग अनिसचा आवाज, धापा टाकत.

"मॅडम... दम लागला चढून. तुम्ही किती लहान दिसताय इथून."

दिपालीनं समोर पाहिलं. आवाराच्या मधोमध अनिस उभा होता. त्याचा शर्ट अंगावर फडफडत होता.

"अनिस, नीट ऐक. तू कुठं आहेस?"

"वर. माथ्यावर. इथं एक आजोबा बसलेत..." त्याचा आवाज खाली आला. "काठी आहे हातात. म्हणतात, बस जरा, कुणी येतच नाही. मॅडम, मला इथं बरं वाटत नाहीये. मी येतो खाली."

तो तिच्याकडं सरळ चालू लागला.

का कुणास ठाऊक, दिपालीचं लक्ष सोबत आणलेल्या टॅबकडं गेलं. नकाशा उघडाच होता. तिनं तपकिरी माथ्यापासून आपल्यापर्यंत रेघ ओढली. खाली छेद उमटला. रेघ थोडी आडवी गेली आणि एकदम कोसळली, भिंतीसारखी सरळ. मोजणी झाली त्या वर्षी टेकडी अर्धी खाऊन झाली होती. तिच्या बाजूनं आधी खणली होती. अनिस चढला ती पायवाट आता नव्हती, तिच्या बाजूला कडा होता.

"थांब!" ती ओरडली. "अनिस, पाऊल टाकू नकोस!"

तो थांबला. सपाट जमिनीवर, एक पाय उचललेला. फोनमधून एक दगड सुटल्याचा आवाज आला. तो आपटत, घरंगळत, खाली खाली जात राहिला आणि बऱ्याच वेळानं कुठंतरी पाण्यात पडला.

"या अल्ला..." अनिस पुटपुटला. "मॅडम, खाली काहीच नाही."

"मागं हो. हळूच. बस खाली." दिपालीनं स्वतःचे दात घट्ट दाबले. रडून चालणार नव्हतं. "तुला नकाशाची लिंक पाठवतेय. ती उघड. तुझा ठिपका दिसेल, त्याच्या शेजारी उंची दिसेल. मला आकडा सांगत राहा."

ती एकामागून एक रेघा ओढत गेली. उत्तरेला कडा. पूर्वेला कडा. दक्षिणेला निम्म्यापर्यंत बरं, मग तुटलेलं. फक्त पश्चिमेला, गोदामाच्या पत्र्यामागच्या कोपऱ्यात, तपकिरी रंग अलगद पिवळ्यात उतरत होता आणि पिवळा हिरव्यात. टेकडीची एकच सोंड शिल्लक होती, अरुंद.

"अनिस, डावीकडं वळ. अजून. हां, आता सरळ. आकडा?"

"सहाशे अडुसष्ट."

"ये असाच. टाच रोवून ये."

तो निघाला. ते बघणंच भयंकर होतं. समोर तरणाताठा माणूस, सपाट जमिनीवर अंग मागं टाकून, एकेक टाच रोवत, मोजणीची पट्टी काठीसारखी टेकवत उतरत होता. मध्येच पाय घसरला की बसकण मारत होता. मुरमाचा खडा हलत नव्हता, पण फोनमध्ये माती सुटल्याची खरखर येत होती.

"सहाशे साठ... मॅडम..."

"बोल."

"ते पण येताहेत. मागून."

दिपालीनं अनिसच्या मागं बघितलं. रिकामं आवार, पाण्याच्या कड्यात पडलेलं करडं आभाळ.

"मागं बघू नकोस."

"त्यांना दिसत नाही नीट. चाचपडताहेत. म्हणतात, उतरायची वाट लोकांनी कापली, किती वर्षं शोधतोय..." अनिस थांबला होता. "मॅडम, हात देऊ का त्यांना? पडतील हो."

दिपालीच्या घरी तिची आई होती. दुर्गाबाईंना मोतीबिंदूमुळं गेलं वर्षभर दिसत नव्हतं, जिना उतरताना त्या दिपालीचा हात घट्ट धरायच्या. 'नको' म्हणायला हवं, हे तिला कळत होतं. पण तोंडातून निघून गेलं,

"दे."

अनिसनं पट्टी काखेत धरून डावा हात मागं केला. मूठ मिटली. मग तो उतरू लागला तो फार सावकाश, दर पावलाला थांबत, आपल्यापेक्षा हळू चालणाऱ्या कुणाला तरी सांभाळत. सहाशे पन्नास. उजवीकडं घे. सहाशे पंचेचाळीस. आता फोनमध्ये दोघांचा श्वास ऐकू येत होता. एक धापेचा आणि एक शिट्टीसारखा, म्हाताऱ्या छातीतला.

पाण्याच्या कड्यात अनिसचा पाय पडला आणि वाऱ्याचा आवाज तुटला. तो तिथंच गुडघ्यावर बसला. दिपाली चिखलातून धावत गेली. तिनं त्याचे खांदे धरले. शर्ट घामानं चिंब होता, तळवे सोलले होते आणि पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती.

"गेले का ते?" तिनं विचारलं.

"खाली आल्यावर हात सुटला," अनिस म्हणाला. "कुठं गेले, बघितलं नाही. तुम्हीच म्हणालात, बघू नकोस."

सामान त्यांनी कसंबसं डिकीत टाकलं. बबनरावांनी अनिसच्या पँटची कुसळं पाहिली. गाडी बाहेर पडताच त्यांनी फाटक लावून घेतलं.

दिवेलागणीची वेळ. शिफ्ट सुटली होती, रस्ताभर कंपन्यांच्या बसेस आणि दुचाक्या. एवढी माणसं बघून दिपालीला जरा धीर आला. आणि तेवढ्यात गाडी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. मागच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजते तशी.

"सामान ठेवलंस का मागं?"

"नाही."

तिनं वळून पाहिलं. सीट रिकामी होती.

टिंग, टिंग थांबेना. कुरुळीच्या फाट्याशी अनिसनं गाडी कडेला घेतली. तो उतरला, मागचं दार उघडलं, पट्टा ओढून रिकाम्या सीटवरून नेला आणि खाली अडकवला. अदबीनं, वडीलधाऱ्याला लावून द्यावा तसा. आवाज थांबला. तो परत येऊन बसला. मोशी आली. तिच्या सोसायटीच्या दारात दिपाली उतरली, 'पोचलास की कळव' म्हणाली आणि लिफ्टकडं गेली.

रात्री तिला मेल्यासारखी झोप लागली. सकाळी चहा घेताना दुर्गाबाई म्हणाल्या,

"आपल्या वर कुणी राहायला आलंय का गं?"

"वर कुठलं, आई? वर गच्ची आहे नुसती."

"मग गच्चीवर कोण होतं? रात्रभर फिरत होतं. काठी टेकत, हळूहळू. या कडेपासून त्या कडेपर्यंत. वाट सापडत नसल्यासारखं."

दिपालीनं कप खाली ठेवला. गच्चीला कुलूप असतं, आईला भास झाला असेल, असं ती मनाला सांगत होती. तेवढ्यात फोन वाजला. अनिस होता. आवाज बरा होता. साबियानं तळव्यांना हळद लावली म्हणाला.

"मॅडम, एक सांगायचं होतं. काल घरी पोचलो तर मागचा पट्टा सुटलेला होता."

"...वाटेत सुटला असेल."

"वाटेत नाही. मी ऐकलं ना. तेव्हा वाटलं, तुमच्याच पट्ट्याचा आवाज." त्याचा आवाज अगदी खाली आला. "पण टक् असं दोनदा वाजलं होतं, मॅडम. तुमच्या दारात. तुम्ही उतरलात तेव्हाच."

दिपालीनं फोन खाली ठेवला. तिनं वर पाहिलं नाही.