पाण्याची सोय असलेलं घर

राधाकिशनला संशय घ्यायची सवय होती, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बारा वर्षं बसलेला माणूस. उसाखाली दगड दडवून गाडी मोजायला आणणारे महाभाग त्याने पाहिलेले. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

दुष्काळाचं ते सलग तिसरं साल. परळीबाहेरच्या एका गृहनिर्माण सोसायटीची सहा घरं विकायला निघाली होती. रविवारी दिवसभर दारं उघडी, कुणीही या, बघा. राधाकिशन बायकोला, मंजुळेला, घेऊन गेला. तिला सातवा महिना होता. त्यांच्या भाड्याच्या खोलीला नळ नव्हता, टँकरच्या रांगेत ती दोनदा चक्कर येऊन पडली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पुन्हा हंडा उचललात तर बाळाचं काही सांगता येणार नाही. खरं तर त्याला घर नको होतं, पाणी हवं होतं. त्याच्याभोवती चार भिंती असल्या म्हणजे झालं.

चार घरं पाहून झाली. राधाकिशन भिंतीवर टिचकी मारी, फरशीवर गोटी सोडून उतार पाही आणि शेवटी नळ फिरवी. नळ फुस्सकन हवा सोडी. सोसायटीचे चेअरमन बबनराव दर वेळी म्हणत, "येतंय की पावसाळ्यात."

पाचव्या घराच्या फाटकाशी मात्र बबनराव थांबले.

"तुमी बघून या. म्या हितंच हाय."

"कावून? आत काय हाय?"

"काय न्हाई. चार वर्सं रिकामं हाय. पानी हाय," बबनराव म्हणाले आणि रुमालानं मान पुसत राहिले.

झालं! राधाकिशनच्या मनात पाल चुकचुकली. असल्या दुष्काळात पाणी असलेलं घर चार वर्षं रिकामं? उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तर फरशी गार लागली. शेवाळाचा, ओल्या मातीचा वास येत होता. बाहेर उन्हानं डांबर पाघळत होतं आणि इथं दंडावर काटा उभा राहिला. मागच्या अंगणात भांड्याला भांडं लागल्याचा आवाज झाला... आणि थांबला.

अंगणात नळाला बारीक धार होती. नळापासून भिंतीपर्यंत घागरी, हंडे, कळशा ओळीनं मांडलेल्या. नंबर लावलेला होता. माणूस मात्र एकही नाही.

"चोरून भाडेकरू ठिवलेत," राधाकिशन कुजबुजला. "न्हाईतर गिऱ्हाईक फसवाया टँकरचं पानी टाकीत चढवलंय. बाया लपवल्या असतील कुठंतरी." नळाखालची घागर त्याने पायानं बाजूला सारली आणि ओंजळभर पाणी चाखलं. गोड होतं. "घे, तू बी पी."

"अवं, असं कसं? नंबर हाय कुनाचा तरी."

"कुनाचा? हितं हाय कोन?"

मंजुळेचं निम्मं आयुष्य रांगेत गेलेलं. भांडं ठेवलं म्हणजे बाई उभी आहे, हा नियम टँकरवरची भांडखोरातली भांडखोर बाईही मोडत नाही. तिने घागर पुन्हा नळाखाली नीट ठेवली, आपली पाण्याची बाटली शेवटच्या कळशीमागं लावली आणि तिच्याशेजारी बसून राहिली.

राधाकिशन चिडून गच्चीवर चढला. टाकीचं झाकण उघडलं. टाकी कोरडी ठणठणीत, तळाशी पारव्याची हाडं. मोटार नव्हती, वायर नव्हती. खाली नळाकडे जाणारा पाइप तर मधेच तुटून लोंबत होता. तो त्या पाइपाकडे बघत उभा राहिला, तेवढ्यात खाली भांडी घासत सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ मंजुळेचा आवाज आला, शेजारणीशी बोलावा तसा.

"न्हाई, पहिलंच हाय... सातवा चालूय..."

तो धडपडत उतरला. सगळी ओळ पुढं सरकली होती. मंजुळाही आपल्या बाटलीबरोबर दोन हात पुढं येऊन बसली होती, मान वर करून.

"कुनाशी बोलतीस?"

"ह्या काय... पुढच्या बाई."

पुढं नुसती कळशी होती. तोंडापर्यंत भरलेली. पाणी हेलकावत होतं.

 राधाकिशनने मंजुळेला जवळजवळ उचलूनच बाहेर आणलं; बाटली रांगेतच राहिली. बबनरावांनी फाटकाला कुलूप घातलं.

रिक्षा गावाच्या रस्त्याला लागली तसा त्याच्या जिवात जीव आला. 

"काय म्हनत हुती ती बाई?"

"म्हनली, तुमी दोघी हायसा. कशाला बसता दोघीबी? एकीचा नंबर ठिवून जा, मंग दुसरीला जाऊ देते."

"दोघी? तू तर एकलीच हुतीस."

मंजुळेने पोटाकडे पाहिलं.

"मंग... तू काय म्हनलीस?"

"मला लई कळा याय लागल्या हुत्या. बसवत न्हवतं. म्हनलं, ठिवा."

चारचौघांत राधाकिशनने बायकोला कधी हात लावला नव्हता. आता रिक्षावाल्यादेखत त्याने तिच्या पोटावर तळवा ठेवला. बराच वेळ काहीच नाही. मग आत बाळ हललं, चांगलं ठसठशीत, आणि त्याचे डोळे भरून आले. मंजुळा त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. झोपेतच ती पुटपुटली,

"आता नंबरात दोघीच ऱ्हायल्या... पोरीच्या पुढं."