हा नाही, बाजूचा पाना

वाशिमहून रिसोडला निघालेल्या जीपमध्ये मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, आणि शेजारचा माणूस खुशाल त्यात डोकावत होता. स्क्रीनवर विमानाच्या दाराचं चित्र होतं.

"विमानं उडवता का तुमी?"

"नाही."

"बनवता?"

"नाही... बनवायला किती खर्च येईल, काम कधी पुरं होईल, ते आधीच सांगते. बंगळुरूच्या कंपनीत. सध्या रिसोडला घरून काम करते."

"आधीच? अन् चुकलं तं?"

"तर का चुकलं, ते लिहून देते."

तो हसला. बाहेर पाऊस भुरभुरत होता, खिडकीची काच वर सरकत नव्हती. त्यानं न विचारता आपली छत्री लॅपटॉपवर तिरपी धरली. हाताला ग्रीसचा वास. नाव जगदेव, रिसोडला त्याचं थ्रेशर, म्हणजे मळणीयंत्रं, दुरुस्त करायचं वर्कशॉप. मी रागानं पाहायचं ठरवलं... जमलं नाही.

इतक्यात फोन आला. दाराच्या बिजागऱ्या बनवणारा कारखाना म्हणत होता, कटर तुटलं, महिना लागेल.

"कटर तं चार दिवसांत येते," फोन ठेवताच जगदेव म्हणाला. "त्याईचा मशीनवाला सोडून गेला असन. विचारून पाहा."

घरी पोचून कारखान्यात विचारलं. खरंच सोडून गेला होता!

दुसऱ्या दिवशी आभार मानायला वर्कशॉपवर गेले. तिसऱ्या दिवशी कशाला गेले, ते मलाही सांगता येत नाही. सोयाबीनचा हंगाम तोंडावर होता. जगदेव थ्रेशरखाली आडवा होऊन बोलायचा, मी स्टुलावर बसून पाने द्यायचे. त्याला हवा तो पाना मला एकदाही ओळखता आला नाही.

"हा नाही, वैजयंती... बाजूचा. मुद्दाम करून राह्यल्या का तुमी?"

"तुम्हाला काय वाटतं?"

थ्रेशरखालून हात आला आणि तोच चुकीचा पाना घेऊन गेला.

शनिवारी साहेबांचा मेल आला. जानेवारीपासून फ्रान्सच्या ऑफिसात दोन वर्षं. सोमवारी उत्तर द्या. याच जागेसाठी मी तीन वर्षं राबले होते. मग वाचून रडू का आलं? आनंदाचं होतं, की... काहीच कळेना.

जगदेवला सांगितलं. तो हात पुसत राहिला, पुसून झाले तरी.

"जा."

"एवढंच?"

"मंग काय म्हणू? नोका जाऊ म्हटलं तं थांबसान. अन् मंग रोज आभायातली विमानं पाहत बससान. ते मले पाहवणार नाही."

"म्हणजे तुम्हाला—"

"हो. आवडता तुमी मले. डोकं ठिकाणावर नाही माझं. सकाळी एका थ्रेशरचा पट्टा उलटा बसवला."

मी हसले. मग डोळे पुसले. "दोन वर्षांनी मी कशी असेन, मला नाही सांगता येत."

"मी कुठी विचारून राह्यलो?"

सोमवारी सकाळी मी 'जाते' असं उत्तर पाठवलं, आणि तशीच चालत वर्कशॉपवर गेले. बरोबर करते आहे की चूक, अजूनही उमगत नव्हतं. दोन शेतकरी त्यांच्या मशीनजवळ उभे होते. त्यांच्यासमोरच बोलले.

"जानेवारीत जायचं ठरलं. त्याआधी आमच्या घरी या. सोयरीक बोलायला."

जगदेव थ्रेशरखालून सरपटत बाहेर आला. शेतकरी एकमेकांकडे बघू लागले.

"एकटा येऊ... का आईले घेऊन?"

बंगळुरूत सात वर्षं काढलेली मी, एकदम माझ्या आईसारखी वऱ्हाडीत बोलले.

"आईले घेऊन या नं!"