वाकडी बैठक

चष्म्यावर घोडीनं पाय दिला, हे कारण तिनं दुकानात पहिल्यांदाच ऐकलं.

"मुद्दाम?" तिनं विचारलं.

"मुद्दामच. मी दुसऱ्या घोडीला आधी गाजर दिलं होतं ना."

काउंटरपलीकडे तो चष्म्याचे दोन तुकडे घेऊन उभा होता. केसांत गवताची काडी. तिनं उजव्या हातानं फ्रेम उचलली, डाव्या कोपरानं दाबून धरली. तिचा डावा हात आणि डावा पाय जन्मापासूनचे हट्टी... हाक मारली की सवडीनं येणारे. तो ते बघत होता. लोक बघून न बघितल्यासारखं करतात, तसं नव्हे. सरळ बघत होता.

"घोड्यावर बसलायत कधी?"

"मी? अहो, मला जमिनीवर कुबडी लागते."

"घोडीला चार पाय आहेत. त्यातले दोन तुम्ही घ्या."

तिला हसू आलं. फुकटच दुरुस्त केला तिनं तो चष्मा. मालकाला सांगू नका.

*

दोर

तो काम करायचा ते केंद्र गावाबाहेर होतं. ती तिथं जायला लागली. ज्यांचे हातपाय ऐकत नाहीत अशा मुलामुलींना तिथं घोड्यावर बसवून तोल शिकवत. उतरणीच्या फळीवरून घोडीच्या पाठीवर बसायचं. शेजारून फिजिओ चालणार, स्वाराचा पाय धरून. आणि पुढे, घोडीचा दोर धरून, तो. सगळे त्याला दोरवालाच म्हणत.

नियम दोन. दोरवाल्यानं समोरच बघायचं. तो मागे वळला की घोडी थांबते. आणि स्वाराशी बोलायचं ते फक्त शिकवणाऱ्या बाईंनी, रिंगणाच्या मधे उभं राहून. दोरवाला बोलणार घोडीशी.

आणि बोलायचा हो! "चल गं राणीसरकार... शहाणी माझी ती... हळू, कुणी मागे लागलंय का आपल्या?" मग कानाशी वाकून काहीतरी कुजबुजायचा. राणीसरकारचे कान त्याच्याकडे वळायचे.

वर बसून ती हे सगळं ऐकायची. तिच्या वाट्याला काय? त्याची मान. उतरताना हातात दिलेली कुबडी. "छान बसलात आज", एवढंच.

एका घोडीवर जळावं लागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

*

खिदळी

मग ती नवीन मुलगी आली. लाल चाकांची खुर्ची, आणि हसू असं की पागेतली कबुतरं उडावीत. आमच्या चष्मेवालीनं मनातल्या मनात तिचं बारसंच करून टाकलं, खिदळी!

खिदळीच्या ठेंगू घोड्याचा दोर त्यानं धरला. रिंगणाच्या कठड्याशी तो वळून आला तेव्हा तोही हसत होता. हसताना त्याच्या गालाला खळी पडते, हे तिला तेव्हा कळलं. इतक्या दिवसांत फक्त मान बघितलेली. आणि खळी ह्या बयेला पहिल्याच दिवशी!

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तू आता एकदम सरळ बसतेस हं. पुढच्या वेळी तुझा दोर काढू. दोरवाला हिच्याकडे जाईल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या, एका हातानं, मांडीवर.

*

पुढची वेळ

"अगं, डावीकडे कलतेयस!"

"हो का, बाई? मला कळतच नाही."

गिऱ्हाइकाचा कुठला कान केसभर वर आहे ते दारातूनच ओळखणारी ती... आणि तिला म्हणे कळत नव्हतं.

दोर राहिला. त्याच्या पुढच्या वेळीही राहिला. वर ती फिजिओच्या पांचट विनोदांवर मोठमोठ्यानं हसायला लागली, पुढच्या मानेला ऐकू जावं म्हणून. मान काही वळली नाही.

*

पाठ

त्या सकाळी राणीसरकारवर खोगीर नव्हतं. तो पागेत तिच्या पाठीवरचे केस बोटांनी बाजूला करत होता. डाव्या अंगाला कातडी सोलवटून लाल चट्टा पडला होता. त्यानं नुसतं बोट टेकवलं, तर घोडीच्या अंगावरून सरसरून शहारा गेला.

"खोगीर ठीक आहे," तो म्हणाला. "भार एकाच बाजूला पडतोय. कशामुळे, तेच कळत नाही."

गप्प बसली असती तर निभावलं असतं. तिचं डावं अंग कुणाच्याही डोळ्यांत भरण्यासारखं होतं. कुणी संशय घेतला नसता.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "मी वाकडी बसते. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"दोर सुटू नये म्हणून."

त्याचा चेहरा कठीण झाला. "तिला दुखत होतं. तरी तिनं तुम्हाला एकदाही पाडलं नाही."

"माहीत आहे हो!" तिचा आवाज फाटला. "ओरडा ना माझ्यावर! तेवढं तरी माझ्याशी बोलाल. शहाणी काय, माझी काय, सगळं गोड हिच्या कानात! खळी त्या खिदळीला! आणि मला... मान!"

त्यानं मलमाची डबी तिच्यापुढे धरली. "लावा."

तिनं कुबडी भिंतीला टेकवली आणि घोडीच्या अंगाला रेलून मलम लावलं. चुकतमाकत. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिसरा हात कुठून आणायचा? पलीकडून त्यानं राणीसरकारचं तोंड धरलं होतं. मधे घोडीची उघडी पाठ.

"फिजिओचे विनोद..." तो खाली बघत म्हणाला, "इतके काही चांगले नसतात."

तिचा हात थांबला.

"मागे वळता येत नाही मला. कान थोडेच मिटता येतात? एकेका हसण्याला वाटायचं, दोर फेकावा आणि त्याच्या जागी जाऊन चालावं."

"मग बोलला का नाहीत?"

"दोर हातात असताना? ज्याच्या हातात आपला तोल, त्यानंच असं काही विचारलं तर नाही म्हणणं अवघड जातं माणसाला. म्हटलं, तुझा दोर सुटू दे, मग विचारू. आणि तू रोज कललेली! हिच्या कानात काय कुजबुजायचो, माहितीये? सरळ बसव गं हिला, लवकर सरळ बसव."

मधे घोडी सुस्कारली.

*

दोर नाही

पाठ भरून आली. बाईंनी दोर काढला. तो रिंगणाच्या मधे उभा होता, मोकळ्या हातांचं काय करावं ते न सुचून.

कठड्याशी ठेंगूवर बसलेली खिदळी ओरडली, "सरळ बस गं! नाहीतर दोरवाला मी नेईन!"

चष्मेवालीनं उजवा लगाम ओढला. राणीसरकार कडेची वाट सोडून थेट मधे निघाली.

"अगं, कडेनं! कुठे चाललीस?" बाई.

घोडी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"कुठे निघालीस?" त्यानंही विचारलं.

"तुझ्याकडे," ती म्हणाली. "माझी मी आले. आता विचार."

त्यानं विचारलं. हळूच, पण तिला, घोडीला नव्हे. ती हो म्हणाली आणि खळी पडली. समोर, पूर्ण, तिच्यासाठी.

"झालं का तुमचं?" खिदळी खिदळली. "माझी पाळी आहे!"

त्यानं जाऊन ठेंगूचा दोर धरला. चष्मेवालीला पुन्हा बारीकसा हेवा वाटलाच... लगेच कुठला जायला! पण दोरवाल्यानं समोरच बघायचं असतं. तिनं टाच मारली, राणीसरकारला ठेंगूच्या पुढे घातलं, आणि त्याच्या नजरेसमोर, ताठ, सरळ, फेरीमागून फेरी चालवत राहिली.