उद्याचं उदाहरण

"साहेब, सर उठत नाहीयेत," एवढंच क्लासची झाडलोट करणाऱ्या मावशी चौकीला फोन करून म्हणाल्या.

इन्स्पेक्टर पोचले तेव्हा बीजगणिताचे म्हातारे सर क्लासच्या मागच्या जिन्याच्या तळाशी पडलेले होते. डोक्याला मार, सदऱ्याची कॉलर फाटलेली. पाय घसरून पडणाऱ्याची कॉलर फाटत नाही. कोणीतरी धरून ढकललं होतं. काल संध्याकाळीच कधीतरी, असं डॉक्टर म्हणाले. त्याहून नेमकं सांगायला ते काही तयार होईनात.

वर क्लासची एकच खोली. बाकं पंधरा-वीस, पण बसायची उशी एकाच बाकावर. ती पाहून इन्स्पेक्टरांना स्वतःचं घर आठवलं. बदली होऊन आल्यापासून त्यांच्याही घरी एकच ताट मांडलं जात होतं.

फळा मात्र भरलेला होता:

१२क्ष + १८य + ६
१२ = २ × २ × ३
१८ = २ × ३ × ३
६ = २ × ३
तिन्हींचा मसावि = ६
उत्तर: ६(२क्ष + ३य)

सरांचा भाचा दाराशी डोकं धरून बसला होता. त्यांचं रक्ताचं माणूस म्हणजे हा एवढाच.

"काल कधी आलात?"

"क्लास सुटल्यावर. मावशी फळा पुसून निघतच होत्या."

"किती वेळ होतात?"

"थोडाच. मी निघालो तेव्हा फळा कोरा होता. मामा खडू शोधत होते. दुसऱ्या दिवशीचं उदाहरण ते आदल्या संध्याकाळीच सोडवून ठेवायचे."

"आणि मग?"

"मित्राकडे पत्ते कुटत होतो. विचारा कुणालाही."

मित्रांनी हो म्हटलं. खालच्या दुकानदाराची गल्ल्यावरून पुढच्या जिन्यावर नजर होती. भाचा गेला, नंतर मावशी परत आल्या आणि लगेच गेल्या. बाकी कोणी वर गेलं नव्हतं, आणि मागचा जिना चारी बाजूंनी बंद अंगणात उतरत असल्याने दुसरी वाट नव्हती.

"साहेब, सरळ आहे," हवालदार म्हणाला. "भाचा गेला तेव्हा फळा कोरा, आता भरलेला. म्हणजे त्यानंतरही सर जिवंत होते. आणि त्यानंतर आलं कोण? मावशी!"

"परत का आलात?" इन्स्पेक्टरांनी मावशींना विचारलं.

"डबा विसरले होते. दाराशीच होता. हाक मारली, ओ आली नाही. वाटलं, गणितात बुडाले असतील. साहेब, तेव्हा दोन पावलं आत गेले असते तर..."

हवालदाराने त्यांना चौकीत नेऊन बाकावर बसवलं. त्या मुकाट्याने गेल्या. भांडल्या असत्या तर इन्स्पेक्टरांना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी क्लासच्या वेळेला ऑपरेटरबाई आल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. जन्मभर त्यांनी लोकांचे फोन जोडून दिले. आता त्यांचा स्वतःचा फोन वाजत नव्हता. संध्याकाळ खायला उठते म्हणून त्या इथे बीजगणित शिकायच्या. क्लासात विद्यार्थी म्हणून तेवढ्याच उरल्या होत्या.

बातमी ऐकून त्या उशी असलेल्या बाकावर मटकन बसल्या.

"काल सरांनी काय शिकवलं?" इन्स्पेक्टरांनी हळूच विचारलं.

"शिकवलं कसलं, झापलं! मसावि बाहेर काढताना कंसातलं एक पद गाळायची तीच चूक मी पुन्हा केली. म्हणाले, उद्या त्याच्यावरच उदाहरण देतो." त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वळण तर सरांचंच आहे..."

इन्स्पेक्टर फळ्यापुढे उभे राहिले. बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि भाच्याला चौकीत बोलावून घेतलं.

चौकीत त्यांनी त्याच्यापुढे कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं: २०क + ३०ख + १०.

"यातला मसावि बाहेर काढा."

"थट्टा करताय का साहेब?"

"मामांच्या हाताखाली शिकलात ना? काढा."

भाच्याने झरझर लिहिलं: १०(२क + ३ख).

"आणि शेवटचा दहा?"

"तो बाहेर आला की. आत काय राहणार? काही नाही."

"एक राहतो," इन्स्पेक्टर म्हणाले. "दहाला दहाने भागलं की एक. फळ्यावरही तोच गेला आहे. क्ष आणि य, दोन्हींच्या जागी एक घाल. वर बारा, अठरा, सहा मिळून छत्तीस. उत्तरात सहा पंचे तीस. सहा गडप! ज्या चुकीपायी सरांनी बाईंना झापलं, तीच ते उद्याच्या उदाहरणात करतील? फळा त्यांनी लिहिलाच नाही. बाईंकडून ती चूक झाली असती, पण त्या परत आल्या नाहीत. आले दोघंच. मावशींना क्ष कशाशी खातात ते ठाऊक नाही. उरलास तू. मामांना ढकललंस, त्यांचं वळण गिरवून फळा भरलास आणि 'कोरा होता' म्हणून सांगितलंस. तू गेल्यावरही ते जिवंत होते असं दिसावं म्हणून."

भाचा एकदम उसळला. "जागा विकू देत नव्हते! कितीदा सांगितलं, बंद करा क्लास. कोण येत होतं तिथे? कोणी नाही! एक ती बाई!"

"तिच्यासाठी ते रोज फळा भरत होते," इन्स्पेक्टर म्हणाले.

भाच्याला आत नेलं. तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला. हवालदाराने रिसीव्हरवर हात धरून विचारलं, "साहेब, सरांचा देह कुणाच्या ताब्यात द्यायचा, विचारतायत. नातेवाईक तर हा एकच होता."

दिवसभर खुनी म्हणून बाकावर बसवलेल्या मावशी उठल्या. "मला द्या," त्या म्हणाल्या.

"नातं काय सांगू?" हवालदाराने खाली मान घालून विचारलं.

मावशी नुसत्या पदर आवळून उभ्या राहिल्या.

"सांग, घरचं माणूस आहे," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि मावशींना न्यायला स्वतः गाडी काढायला गेले.